डाव्या हाताचं वाक्य

क्लब, ४ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

कापूस अजून तिच्या नाकात आहे आणि ती आरशासमोर पुन्हा तोच ठोसा मारते आहे. डावा हात जातो, लागतो आणि खाली पडतो. पार मांडीपर्यंत. मघाशी सरावात याच फटीतून समोरच्या पोरीचा उजवा आत आला आणि तुझी मुलगी, आपली माशी, रिंगमध्ये पहिल्यांदा खाली बसली. घाबरू नकोस. नाक मोडलेलं नाही. बसल्या जागी हसत होती, माझाच जीव वरखाली झाला.

कॉलेजसाठी ती माझ्याकडे राहायला आली तेव्हापासून मी हा हात वर आणतो आहे. काखेत टॉवेल धरायला लावला. हनुवटी आणि ग्लोव्हच्या मध्ये रुमाल दिला, रुमाल पडला की दोरीच्या उड्या. उड्यांनी पाय पोलादी झाले, हात होता तिथेच. आज चिडून विचारलं, की हे तुला शिकवलं कोणी. ती म्हणाली, आईने.

मला वाटलं थट्टा करते आहे. मग तिने तुझ्या कादंबरीतलं पान तोंडपाठ म्हणून दाखवलं. ‘त्याने ठोसा मारला आणि डावा हात खाली सोडला, घरी आल्यावर दाराशी पिशवी ठेवावी तसा.’ हे वाक्य मनात म्हणत ती ठोसा मारते. लहानपणापासून. पूर्णविराम आला की हात खाली.

सूनबाई, मारामारीवर लिहिलेलं मी बरंच वाचलं आहे. लिहिणाऱ्याला एक तर रक्त दिसतं, नाहीतर टाळ्या ऐकू येतात. दमलेला हात तुला दिसला. पुस्तक आलं तेव्हा ते पान मी क्लबात उभा राहून सगळ्यांना वाचून दाखवलं होतं, छाती फुगवून. पण बॉक्सरला हात असा सोडता येत नाही. त्याची पिशवी दुसराच कोणीतरी उचलून नेतो.

पुढच्या महिन्यात तुमच्याच शहरात तिची पहिली खरी लढत आहे. समोरच्या मुलीचा उजवा जड आहे आणि तिला फट लगेच दिसते म्हणे. आज हेल्मेट होतं, ओळखीची पोरगी होती, तरी नाक फुटलं. माशी माझं ऐकत नाही, पुस्तकाचं ऐकते. तेवढं पान बदलून दे.

चिरंजीवांना, म्हणजे आपल्या दंतवैद्यांना सांग, की दात सगळे जागेवर आहेत. बापाने जन्मभर दुसऱ्यांचे पाडले, मुलगा बसवतो आहे. घराण्याचा हिशेब असाच चालू दे.

लोभ आहे, त्यात तूट येऊ देऊ नये.

तुझा,
अण्णा


घर, ९ फेब्रुवारी

ती. अण्णांना,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र उभ्याने वाचायला घेतलं आणि दुसऱ्या ओळीला बसले.

आधी वाक्याबद्दल. त्या एका वाक्यासाठी लोक अजून मला पत्रं लिहितात. नवी आवृत्ती निघते आहे, तिच्या मागच्या पानावर प्रकाशक तेच छापणार आहेत. पुस्तकातलं बाकी सगळं पुसलं गेलं तरी एवढं राहील, असं मी मनाशी धरून चालले होते. तुम्ही नेमकं तेच मागितलंत.

आणि अण्णा, रागावू नका, ते मी बनवलेलं नाही. पाहिलेलं आहे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तुम्ही मागच्या अंगणात, कपडे वाळत घालायच्या दोरीखालून वाकत, एकटेच हवेत ठोसे मारत होतात. मी स्वयंपाकघराच्या दारात ताटं पुसत उभी होते. प्रत्येक ठोशानंतर तुमचा डावा हात मांडीशी यायचा. तो मला फार सुंदर वाटला. एवढा मार देणारा हात इतक्या विश्वासाने खाली येतो, जणू आता जगात त्याला कोणी शत्रूच नाही. कादंबरी मी त्या हातापासून सुरू केली. बाकीचा माणूस नंतर आला.

आता नाकाबद्दल. पुस्तकात मी एक नाक फोडलं आहे. त्यासाठी योग्य क्रियापद शोधण्यात माझी अख्खी सकाळ गेली होती, आणि सापडलं तेव्हा मी खुशीत चहा करून प्यायले होते. ते नाक कोणाचंच नव्हतं. आता ते क्रियापद आठवलं की हातातला चहा तसाच खाली ठेवते. मारामारीत मला जे सुंदर दिसलं ते खोटं नव्हतं, एवढं मात्र अजून वाटतं. फक्त ते दारात उभं राहून पाहिलेलं होतं.

लढतीला मी येणार नाही. आजवर एकही लढत मी पाहिलेली नाही हे तुम्ही जाणता. पहिली हीच पाहावी, एवढी माझी छाती नाही.

तुमच्या चिरंजीवांनी नाकाची ओळ येताच पत्र माझ्याकडे परत दिलं. दुसऱ्याचं नाक फुटलं तरी तोंड फिरवणारा माणूस. पण काल दवाखान्यातून माशीच्या दातांचा साचा घरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवून कितीतरी वेळ बघत बसले. तिच्या तोंडात बसेल असं गार्ड करत आहेत. विचारलं तर म्हणाले, की बाजारातली बेकार असतात.

वाक्याचं मी बघते. वचन देत नाही.

तब्येतीला जपावं आणि माया पातळ होऊ देऊ नये.

आपली,
सून


क्लब, १४ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाईस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मला आधी राग आला, खोटं कशाला बोलू. मग मी घंटावाल्याला आरशापाशी बोलावलं. हा म्हणजे क्लबातली घंटा वाजवणारा माझा जुना दोस्त, तू त्याला ओळखतेस. म्हटलं, मी ठोसे मारतो, तू फक्त डाव्या हाताकडे बघ. पाच-सात ठोसे मारले. माझं मलाच दिसलं. हात मांडीवर.

घंटावाला हसायला लागला तो थांबेना. म्हणाला, की हे तर आपल्याला पहिल्यापासून माहीत आहे, याच हातामुळे तर शेवटच्या लढतीत तू आडवा झालास. मी विचारलं, मग आजवर बोलला का नाहीस. तर म्हणे, तूच बजावलं होतंस, की घंटा वाजव आणि तोंड बंद ठेव.

सूनबाई, तो शेवटचा ठोसा कुठून आला हे मला कधीच कळलं नव्हतं. मी पाहणाऱ्यांना विचारलं, पंचांना विचारलं. समोरच्यालाही विचारलं, तर तो भला माणूस म्हणाला की नशिबाने लागला. आणि ते तू ताटं पुसता पुसता पाहून ठेवलंस, पुस्तकात लिहिलंस, मी ते लोकांना वाचून दाखवलं आणि मला पत्ता नाही. मी दुसऱ्यांचे हात बघत जन्म काढला. माझा बघणारी तू एकटी. डोळा असावा तर असा.

तेव्हा चूक तुझी नाही. हात माझा, वाक्य तुझं, नाक तिचं. तिघांनी मिळून निस्तरायचं आहे. मी रोज सकाळी तिच्या शेजारी उभा राहून हनुवटीशी हात आणायला शिकतो आहे. माशी मला दोरीच्या उड्यांची शिक्षा देते आणि माझा गुडघा बघून माफ करते.

तू मात्र लिही. तिला ताल हवा आहे. नुसतं ‘हात वर ठेव’ असं कोणाच्या मनात राहत नाही. मी किती वर्षं तेच ओरडतो आहे.

आहे ती ओढ अशीच असू दे.

अण्णा


घर, २२ फेब्रुवारी

चि. माशीस,
गोड पापा.

त्या पानाशी रोज सकाळी बसत होते. पिशवीला काही करून घरात ठेवायचं म्हणून दाराऐवजी खुंटी आणली, फळी आणली, एकदा तर पिशवी पुन्हा उचलून खांद्यावर घेतली. सगळं लबाड वाटलं. शेवटी पिशवी काढून टाकली. मग उरलं ते असं:

हात गेला. लागला. घरी आला.

प्रकाशकांना कळवलं. ते म्हणाले, की यात काहीच नाही, मागच्या पानावर काय छापायचं. म्हटलं, तुमचा पत्ता छापा.

घर म्हणजे हनुवटी, हे तुला सांगायला नको. मोठ्याने म्हणून बघ आणि जमतं का ते लिही. जमत नसेल तर सांग, मी पुन्हा बसेन. रागावणार नाही.

नाकाला शेक देत जा. मायेत आहेस, तशीच राहा.

आई


क्लब, ५ मार्च

ती. आईस,
शि. सा. न.

जमतं! ‘आला’ म्हणताना हात आपोआप येतो. पहिले दोन-तीन दिवस मधेच पिशवी आठवायची आणि हात सुटायचा. आता दिवसातून एखाद्या वेळी सुटतो. कागद आरशावर चिकटवला आहे आणि क्लबातल्या सगळ्या मुली तेच पुटपुटत ठोसे मारतात. आजोबा म्हणतात, की क्लब आहे की पाठशाळा तेच कळेना. पण स्वतःही पुटपुटतात, मी ओठ हललेले पाहिले आहेत.

तुला खरं सांगू का? जुनं वाक्य वाचलं की मला रडू यायचं. हे वाचून मारावंसं वाटतं.

आता वाईट बातमी. आजोबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन लढतीच्या आदल्याच दिवशी आलं आहे. डॉक्टर तारीख पुढे ढकलायला तयार नाहीत आणि प्रवास तर नाहीच. दोन दिवस तोंड फुगवून बसले होते. माझ्याबरोबर घंटावाले आजोबा येतील. आजोबांनी सगळ्यांना ताकीद दिली आहे, की निकाल फोनवर सांगायचा नाही. आधी लढत कळली पाहिजे, मग निकाल. आणि लढत तूच लिहून कळवायची. दुसऱ्या कोणाचे डोळे त्यांना चालणार नाहीत म्हणे.

तेव्हा आई, तुला यावं लागेल. डोळे मिटून बसलीस तर मला रिंगमधून दिसेल.

बाबांना सांग, की त्यांचं गार्ड इतकं नीट बसतं की मी ते घालून फोनवर बोलते.

तुझ्या लाडाची आणि थोडी घाबरलेली,
माशी


घर, १४ मार्च, संध्याकाळ

ती. अण्णांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर कोणीही काही सांगितलेलं नाही. घंटावाले उद्या परततील तेव्हा हे पत्र त्यांच्या हाती देणार आहे. ते तिथे होते, त्यांना सगळं माहीत आहे. तरी वाचताना त्यांनी आवाज सरळ ठेवावा आणि तुम्ही त्यांना मधेच टोकू नये. डोळ्यावर पट्टी आहे म्हणजे हात मोकळे आहेत असं समजून हवेत ठोसे मारू नयेत.

हॉल साधा. जमिनीवर दुसऱ्या कुठल्यातरी खेळाच्या रेघा आखलेल्या, मधोमध रिंग, भोवती घडीच्या खुर्च्या. मलमाचा आणि रबराचा वास. तुमचे चिरंजीव दारापाशी उभे राहिले, अर्धे आत, अर्धे बाहेर. मी दुसऱ्या रांगेत बसले. शेजारी एक बाई होत्या, त्यांच्या पदराला टाचण्या लावलेल्या. शिवणकाम करतात म्हणाल्या, घाईत काढायच्या राहून गेल्या. मुलीसाठी आल्या होत्या. मी म्हटलं, मीही. मग दोन्ही मुली रिंगमध्ये आल्या आणि आम्हाला कळलं, की त्या एकमेकींसाठीच आल्या आहेत. बाईंनी मला त्यांच्या थर्मासमधला चहा दिला. दुसरं काय करणार?

पहिली फेरी. माशी हलकी आहे हे मला माहीत होतं. इतकी चपळ आहे हे माहीत नव्हतं. ती समोरच्या मुलीच्या अवतीभोवती अशी फिरत होती, की ते पाय मी कधीकाळी बुटांत कोंबले आहेत यावर विश्वास बसेना. डावा गेला, लागला, घरी आला. तुम्ही सांगायचात तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. पुस्तकात मी त्याला फटाका म्हटलं आहे. तसा तो नाही. ओली चादर झटकल्यासारखा आहे, आणि त्यामागून श्वास.

मग टाळ्या झाल्या. टाळ्या तिला आवडल्या, मला दिसलं. तिने आणखी एक चांगला डावा मारला आणि हात खाली सोडला. मांडीपर्यंत. अण्णा, तुमचाच हात. आणि मी काय केलं ते सांगते, कारण तुम्हाला सगळं हवं आहे. निमिषभर मला तो पुन्हा सुंदर वाटला.

त्या मुलीचा उजवा आला. माशीचं डोकं मागे गेलं आणि नाकातून रक्त आलं. मी त्यासाठी शब्द शोधला नाही. मी ओरडले. हॉलमध्ये सगळ्यांनी वळून पाहिलं इतक्या मोठ्याने. म्हणाले, “घरी आण!”

लोकांना वाटलं, बाई मुलीला घरी न्यायला निघाली. पंचांनीही पाहिलं. माशीला कळलं. तिने तोंडातल्या गार्डसकट दात दाखवले आणि हात हनुवटीशी नेला.

दुसरी फेरी त्या मुलीची होती. ती मारत पुढे येत होती, माशी मागे जात होती, पण मागे जाताना हात घरी होता. उजवा त्याच वाटेने पुन्हा पुन्हा आला आणि दर वेळी ग्लोव्हवर आपटला. दार बंद आहे हे त्या मुलीलाही पटेना. मी मिटलेल्या डोळ्यांनी काही पाहिलेलं नाही, याची माशीकडून खात्री करून घ्या.

तिसऱ्या फेरीत दोघी दमल्या. दमलेला हात मी पुस्तकात लिहिला होता. दमलेला हात वर ठेवणं काय असतं ते लिहिलं नव्हतं. तिचं कोपर खाली ओढत होतं, आणि ती पुटपुटत होती. मला इतक्या लांबून तिचे ओठ वाचता आले. शेवटी दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून उभ्या राहिल्या आणि तसल्या अवस्थेतही बरगड्यांत मारत राहिल्या. त्यात द्वेष नव्हता. दोन माणसं इतकं लक्ष देऊन एकमेकांना मारताना मी पाहिली नव्हती, आणि इतकं लक्ष देऊन एकमेकांकडे बघतानाही. घंटा झाली तेव्हा आधी मिठी पडली, मग हात सुटले. शिवणकामवाल्या बाईंनी माझा हात धरला होता की मी त्यांचा, ते आम्हा दोघींना आठवत नाही. माझ्या तळव्याला त्यांची एक टाचणी मात्र टोचली आहे.

आता निकाल. दुसरी मुलगी जिंकली. थोडक्यात, पण जिंकली. पंचांनी तिचा हात वर केला आणि माशी टाळ्या वाजवत होती. घंटावाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी घामावर ढकललं. तुमच्या चिरंजीवांनी दोन्ही मुलींना खुर्चीवर बसवून दात हलवून पाहिले. दोघींचे शाबूत. मग स्वतः बाहेर जाऊन पायरीवर बसले.

मी हे पान पुस्तकात घालणार नाही. हे तुमच्यासाठी आहे. पण यापुढे लिहीन ते दारातून नसेल.

डोळ्याला पाणी लागू देऊ नये. आम्हा सर्वांवर आहे ती माया तशीच चालू ठेवावी.

आपली,
सून

ता. क. १५ मार्च. पाकीट बंद करायच्या आधी एवढंच. सकाळी माशी सगळ्यांच्या आधी उठली. नाक सुजलं आहे. बेसिनपाशी उभी राहून उजव्या हाताने दात घासत होती. डावा हनुवटीशी होता.