वरच्या वावरातील वाढीव स्फुरदाबाबत खुलासा

प्रति,
मा. प्रमाणीकरण अधिकारी,
डोंगरी सेंद्रिय शेती गट योजना, नाशिक.

विषय : कै. साळूबाई जयराम महाले यांच्यावरील रासायनिक खत वापरल्याचा ठपका मागे घेऊन गटाचे प्रमाणपत्र देणेबाबत.
संदर्भ : आपली दि. ६ जानेवारी २०२५ ची नोटीस.

महोदय,

१. मी माती तपासणी प्रयोगशाळेतील निवृत्त विश्लेषक असून साळूबाई माझी पत्नी. हरसूलजवळच्या उतारावर तिने दहा बायकांना सोबत घेऊन तीन वर्षे सेंद्रिय नागली पिकवली. दि. १४ मे २०२४ रोजी ती वारली.

२. डोंगराळ जमिनीत सेंद्रिय शेतीला फारसा वाव नाही, असे माझे लेखी मत होते. दरवर्षी मी तिच्या वावराची माती तपासत असे. "विचारा तुमच्या नळीला, काय म्हणते माझी माती," असे ती म्हणे. तीन वर्षांत सेंद्रिय कर्ब वाढला. एका वावरावरून निष्कर्ष काढू नये, हे मी तिला ऐकवले. चांगले झाले, एवढे म्हणायचे राहून गेले.

३. डिसेंबरात आपल्या निरीक्षक श्रीमती रोहिणी गांगुर्डे यांनी वरच्या वावरातून मातीचे चार नमुने घेतले. तीन ठिकाणी उपलब्ध स्फुरद हेक्टरी नऊ ते दहा किलो, पूर्वेच्या कोपऱ्यात एकतीस. "काका, खत टाकलं असेल तर आत्ताच सांगा, काकूंच्या नावाला बट्टा नको," असे त्या म्हणाल्या. मी गप्प राहिलो. त्यामुळे तिच्यासह अकरा जणींचे प्रमाणपत्र अडले.

४. आकडा बरोबर आहे, अनुमान चूक आहे. सुपर फॉस्फेट टाकले असते तर गंधकही वाढले असते. ते वाढलेले नाही. वाढले आहेत स्फुरद, कॅल्शियम आणि पालाश. हाडे व लाकूड यांच्या राखेत हेच असते.

५. जाण्याआधी ती म्हणाली होती, "गंगेत नका सोडू मला. वरच्या वावरात टाका. तिथली माती उपाशी हे." अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरी दि. १७ मे रोजी मी तसे केले. नोंदवहीत लिहिले नाही. छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी एकही नोंद वगळली नव्हती.

६. उतारावरची माती पावसात वाहते. पुढील वर्षी तो आकडा उतरेल. तो उतरू नये असे मला वाटते. या वाटण्याला शास्त्रीय आधार नाही.

७. सबब ठपका मागे घ्यावा व बायकांना प्रमाणपत्र द्यावे. फेरनमुना आवश्यक असल्यास त्या कोपऱ्यात कुदळ लावू नये, ही विनंती. राहिलेली नोंद आज केली आहे. वहीत निविष्ठांचे, म्हणजे मातीत घातलेल्या गोष्टींचे, दोन रकाने आहेत, 'बाहेरून आणलेल्या' आणि 'शेतातल्याच'. मी दुसऱ्या रकान्यात लिहिले आहे.

आपला नम्र, या एका नोंदीपुरता कसूरदार,
जयराम गोटीराम महाले
दि. १३ जानेवारी २०२५

सोबत : १) मृत्यूचा दाखला २) तीन वर्षांचे माती अहवाल ३) नोंदवहीच्या पानाची प्रत (पहिला रकाना निरंक)