डावं पायडल

बुधवार, १ ऑक्टोबर २०२५

किळस आली! दुसरा शब्द नाही.

माझी जुनी विद्यार्थिनी सुकन्या; तिच्या सायकलीचं डावं पायडल गेल्या आठवड्याच्या पावसात मोडलं. तिच्या वस्तीवरून घाटनांदूरचं कॉलेज सहा किलोमीटर. तिचा बाप बंकट परवा मेंढरं घेऊन दारावरून जाताना थांबला— "बाई, पोरीला चिखलातून पायी धाडणार न्हाई. सोमवारपतूर सायकल झाली तर झाली. न्हाईतर जाईल मेंढरामागं." सोमवारी तिची अकरावीची सहामाही! म्हणून मीच अंबाजोगाईला जाऊन पायडलांची नवी जोडी आणली.

आज खंडेनवमी. जोडी देवासमोर पाटावर ठेवली— उजवं उजवीकडे, डावं डावीकडे. भिजवलेलं हळदकुंकू भरपूर लावलं. पाट उचलला, वळले, ओसरीवर आणून रस्त्याकडे तोंड करून ठेवला. मग सुग्रीवला निरोप धाडला. आला आपल्या हिरव्या सायकलीवरून. सायकलदुरुस्तीचं दुकान टाकून दहा वर्षं झाली, पण माझ्यासाठी तो सातवीतलाच. तेव्हाही हात काळे, वही काळी.

त्याला आधीच बजावलं— डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात. आधी नुसत्या बोटांनी फिरवायचं. दोन-तीन वेढे आपोआप गेले, तरच पाना लावायचा.

"म्हाईत हाय, बाई. डावं कोणतं?"

मी अंगणात उभी राहून पाटावरचं डावीकडचं उचललं आणि त्याच्या हातात दिलं. तो कुंकवाखाली काहीतरी शोधायला लागला. मी म्हटलं, "अरे बघतोस काय? मी विज्ञान शिकवलंय तीस वर्षं!"

बसवायला लागला. "बाई, ह्ये धरंना."

"का धरत नाही? उलटं फिरव."

"उलटंच फिरवतोय."

"मग हातात जीव नाही का? जोर लाव!"

लावला. पान्याला पाइप अडकवून लावला! कर्र— असा आवाज, की माझ्याच दातांत गेला. लोखंडाचा कीस माझ्या नुकत्या सारवलेल्या अंगणात. पायडल ज्यात बसतं त्या दांड्याच्या भोकातले आटे साफ सपाट. आता त्यात कुठलंच पायडल बसणार नाही.

"डोक्यातले आटे तुझे आधीच गेले होते, आज सायकलीचेही घालवलेस!"

रस्त्यावरची चार माणसं फिदीफिदी हसली. सुग्रीवने पाटावरचं दुसरं पायडल उचललं, निरखलं. माझ्याकडे बघितलं. दोन्ही पायडलं पिशवीत टाकली. "सायकल नेतो, बाई. करतो कायतरी." एवढंच.

गुरुवार, २ ऑक्टोबर

दसरा. सकाळीच सुग्रीव आपट्याची पानं घेऊन पाया पडायला आला. मी दार उघडलं नाही. आतूनच म्हटलं, आधी सायकल.

शेजारच्या सुभद्राबाई भिंतीवरून— "अवो बाई, दसऱ्याचं सोनं माघारी धाडू न्हाई."

"त्याच्या नखातलं ग्रीस बघितलंत का तुम्ही?"

"मंग मेकॅनिकच्या नखात काय अत्तर ऱ्हाईल?"

यांना सगळ्याचं हसू येतं. पानं ओसरीच्या कठड्यावर ठेवून गेला. पडू देत तिथेच.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

शाळेतला कारकून भागवत, त्याला भेटले. शाळेतल्या मुलींच्या सगळ्या सायकली त्याच्या देखरेखीखाली. दरवर्षी सुग्रीवच दुरुस्त करतो. सगळं सांगितलं. म्हटलं, असल्या माणसाच्या हातात पोरींच्या सायकली देतोस?

"बाई, तुमी म्हणता म्हंजे तसंच आसंल," म्हणाला. सुग्रीवकडचं काम काढून घेतलं. बरं झालं. निष्काळजी माणसाची मला शिसारी आहे.

रविवार, ५ ऑक्टोबर

सायकल आली. सुग्रीव ती हातात धरून चालत आला. डावं पायडल नवं, लोण्यासारखं फिरतं. पण त्या बाजूचा दांडा जुना, हिरवा— दुसऱ्याच सायकलीचा! आणि उजवं पायडल? मोडकं-तोडकं जुनंच ठेवलंय. मी जोडी कशाला आणली मग? परवा खराब केलेलं नवं पायडल कागदात गुंडाळून परत दिलं. मी तोंड उघडायच्या आत, "येतो बाई," म्हणून चालतच गेला.

लाज नाही.

सोमवार, ६ ऑक्टोबर

सुकन्या वेळेवर पोचली. पेपर बरा गेला म्हणते. संध्याकाळी बंकट मेंढरांसह दारात.

"लई हलकी चालती म्हनं सायकल. सुग्रीवनं सोताच्या गाडीचा दांडा काढून घातला, बाई. तेव्हापून गडी पायीच हिंडतोय."

"नुकसान त्यानं केलं, भरून त्यानं दिलं. यात कौतुक कसलं?"

बंकटने मेंढरं पुढे हाकली. एक मेंढरू खोकलं.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

भागवतचा फोन. सुग्रीवची बायको त्याच्याकडे रडून गेली. विचारतो, "बाई, परत द्यायचं का काम?" अजिबात नाही! उद्या ते खराब पायडलच नेऊन दाखवते, म्हणजे त्याची दया आटेल.

बुधवार, ८ ऑक्टोबर

दाखवायच्या आधी पायडल रॉकेलने धुतलं. वाळलेलं कुंकू निघालं. चष्मा लावला. खाली इंग्रजी 'आर' कोरलेला.

उजवं.

पाट मी रस्त्याकडे तोंड करून ठेवला होता, आणि पायडल उचललं अंगणातून, समोरच्या बाजूने. डावीउजवी तिथेच बदलली. त्याला ते ओसरीवर, चार माणसांदेखत कळलं होतं, आणि तो गप्प बसला.

कठड्यावरची पानं वाळलीत. तीच घेऊन निघाले आहे. आधी भागवतकडे. मग सुग्रीवच्या दुकानात, गिऱ्हाईक असेल तेव्हाच— चूक कबूल करायची तीही चारचौघांत.