पेटायला बाटली लागते?

मुलुंड, १९ जानेवारी १९८४

व्याख्यानमालेच्या त्या सावंताला दोनदा बजावलं होतं, टेबलावर साधं पाणी ठेव. तरी गाढवाने रम मिसळलेली कोलाची बाटली ठेवलीच! वर डोळा मारून म्हणतो, "त्याशिवाय तुम्ही पेटत नाही ना, सर!"

पेटत नाही? मग वीस वर्षं रात्रंदिवस वाचलं ते कशासाठी? बाटली परत पाठवली, पण नजर तिच्यामागे गेली. भाषणात दोनदा अडखळलो. टाळ्या बेताच्याच. उतरताना सावंत म्हणाला, "आज रंग नाही भरला, सर."

चिडू तरी कुणावर? पेटत नाही, हे त्याला मीच शिकवलं, दर वर्षी. रविवारी घाटकोपरला बोलायचंय. तिथेही पाणीच. पडलं भाषण तर पडू दे, निदान पडेल ते माझं असेल.