सगळे पार्ट आमच्याकडे

निगडी,
दिवाळीच्या आधीचा सोमवार

प्रिय दिव्या,

कुरियरवाल्याकडून बाबाच्या अक्षरातला लिफाफा घेताना तू आधी दचकशील आणि मग हसशील. रोज फोन असताना ही काय नवीन हौस, असं म्हणशील. म्हण, पण शेवटपर्यंत वाच आणि मध्येच फोन उचलू नकोस. दुकान बुडायला आलंय, दिव्या. एवढं एक वाक्य लिहायला मला सकाळपासून जमत नव्हतं. संध्याकाळच्या फोनवर 'मस्त चाललंय' म्हणत होतो ते साफ खोटं होतं. तू हैदराबादची नोकरी सोडून आपल्या दुकानात यायचं म्हणून राजीनामा देऊन बसलीस, तेव्हा आता खोटं बोलायची सोयच राहिली नाही.

गेल्या दिवाळीत तू आली होतीस तेव्हा आपण जेवणाचं ताट बाजूला सारून धंद्याच्या गप्पा मारत बसलो होतो, आठवतं? तू म्हणालीस, बाबा, कंप्युटरचे सुट्टे पार्ट विकून आता भागायचं नाही, विकायची पद्धत बदला. खरंच होतं ते. गिऱ्हाईक माझ्या काउंटरवर कोपर टेकून, माझ्याच पंख्याची हवा खात, फोनवर दुसऱ्याचा भाव बघायचं आणि 'काका, येतो' म्हणून जायचं ते परत यायचंच नाही. दुसरा मार्ग होता कॉलेजच्या पोरांना गेम खेळायचे कंप्युटर जोडून द्यायचा. त्यातले रंगीत दिवे बघून तुझी आई म्हणाली, हे तर मंडळाचं डेकोरेशन दिसतंय. आणि तिसरा मार्ग तू सुचवलास. कारखान्यांशी वर्षाचा करार करायचा, एकदाच ठरलेली रक्कम घ्यायची आणि वर्षभर काहीही बिघडो, सगळे पार्ट आमच्याकडे. बिघाड जितके कमी, तितका आपला फायदा. मी तुला उलटसुलट पन्नास प्रश्न विचारले आणि तू एकाही उत्तराला अडखळली नाहीस. त्या दिवशी मी मनात म्हटलं, पोरगी माझ्यापेक्षा मोठी झाली.

आणि खोटं कशाला सांगू, चाललंही झकास. भोसरीचे, तळवड्याचे, चाकणचे लहान लहान कारखाने धरले. मी ऐटीत गेटवर ओळखपत्र दाखवून आत जायचो, चहा यायचा, लोक 'साहेब' म्हणायचे. काउंटरमागे उभं राहून जन्म गेलेल्या माणसाला त्या एका शब्दाची काय नशा चढते ते तुला नाही कळायचं. कंप्युटरही गुणी निघाले, कुरकुर म्हणून केली नाही. आई म्हणायची, जरा जमिनीवर या.

तिचं ऐकलं नाही, शेवटी खंडेनवमीने आणलं. तुझ्या लहानपणी तू दसऱ्याला मामाकडे असायचीस, पण आपल्या दुकानाचा खरा सण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी असायचा हे तू माझ्याकडून किती वेळा ऐकलंयस. आपल्या या पट्ट्यात खंडेनवमीला प्रत्येक मशीन धुऊनपुसून पूजतात. एरवी ज्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही त्या कंप्युटरवरही हळदीकुंकू, झेंडूची फुलं, नारळाचं पाणी. कुणी हवेच्या पाइपने आतली धूळ उडवताना पंख्याची पाती मोडतो, कुणाच्या कीबोर्डात तीर्थ जातं. मग सीमोल्लंघन करून सगळे माझ्या दारात. इतकी वर्षं त्या आठवड्याच्या विक्रीवर आपल्या घरची दिवाळी झाली. आणि करार करताना नेमका हाच आठवडा माझ्या डोक्यातून गेला! जो सण माझ्या गल्ल्यात पडायचा तो या वर्षी माझ्याच खिशातून जाणार, हे मला दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी फोन वाजायला लागले तेव्हा कळलं. दुकानातली फळी न् फळी रिकामी झाली. तरी तेवढ्यावर भागलं असतं. मी पुन्हा माल भरला असता.

पण उद्धवरावांचं मशीन आहे ना. चाकणचे उद्धवराव, ज्यांची जमीन एमआयडीसीत गेली आणि आलेल्या पैशांतून ज्यांनी पत्रा कापायचा कारखाना टाकला ते. आपला सगळ्यात मोठा करार त्यांचाच. खंडेनवमीला त्यांनी मला फेटा बांधला आणि सगळ्या कामगारांसमोर माझ्या हातात नारळ दिला. म्हणाले, "ज्योतीरामभाऊ, तुमी आता घरचे हाय. नारळ तुमीच फोडा." मशीनच्या कंप्युटरचं झाकण मुद्दाम काढून ठेवलं होतं, आतल्या भागालाही कुंकू लागावं म्हणून. मला ते दिसलं होतं. पण फेट्याखाली माणसाची अक्कल जरा कमी चालते. मी जोर लावून नारळ फोडला, पाण्याची चिळकांडी सरळ आत गेली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. पूजेनंतर मशीन एकदा सुरू करून नमस्कार करायची त्यांची रीत आहे. तो मानही मलाच दिला. ओल्या कंप्युटरचं बटण मी माझ्या बोटाने दाबलं, दिव्या. चट्ट असा बारीक आवाज आला आणि पडदा काळा झाला.

ते मशीन चालवणारं कार्ड फक्त जुन्या धाटणीच्या मदरबोर्डवर बसतं आणि तसा बोर्ड आता कुणी बनवत नाही. मी पुण्यातला, मुंबईतला, दिल्लीचाही बाजार पालथा घातला. भंगाराच्या गोदामांत हात घातले. एक बोर्ड मिळाला, तो जोडला तर तासाभरात बंद पडला. चाकणला गेलो की कामगार मशीनशेजारी नुसते बसलेले दिसायचे आणि मी आलो की आशेने उठायचे. त्यांच्यासमोरून परत निघताना मला बसच्या चाकाखाली जावंसं वाटायचं. घाबरू नकोस, नुसतं वाटायचं. उद्धवराव एकदाही ओरडले नाहीत, आणि तेच सोसवत नव्हतं. परवा मला बाजूला बसवून एवढंच म्हणाले, "भाऊ, तुमच्यावर राग न्हाई. पर पोरं बसून हायती, आन् काम देनारी कंपनी दुसरा बघती म्हनती."

आता एकच उपाय आहे. त्या मशीनची सगळी कंप्युटरची बाजूच काढून नवी बसवायची. कराराने ते माझ्याकडे लागतं, आणि त्याला आपलं सगळं दुकान घालावं लागेल. कागदाला पळवाट असेलही, एक वकील तसं म्हणालाही. पण मी शब्द दिला होता, आणि नारळही मीच फोडला होता. शेजारच्या मोबाइलवाल्या सोपानरावांना दुकान विकलं. शुक्रवारी किल्ली त्यांच्या हाती जाईल. पुढच्या महिन्यापासून मी उद्धवरावांच्याच कारखान्यात देखभालीला जाणार आहे. त्यांनीच बोलावलं. काल आईला सगळं सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, चाकणला डबा किती वाजता लागेल तेवढं सांगा. मला मात्र या वयात शिफ्टची भीती वाटते. तुला सांगतो, फार भीती वाटते.

आता हे फोनवर का नाही सांगितलं ते. फोनवर तू मला नारळापर्यंत पोचूच दिलं नसतंस. 'करार' एवढा शब्द ऐकला असतास आणि म्हणाली असतीस, बाबा, माझ्यामुळे झालं. लहानपणी ताटली फुटली तरी तू असंच म्हणायचीस, कुणाच्याही हातून फुटलेली असो. ते तुझ्या तोंडून ऐकायची ताकद आज माझ्यात नाही, म्हणून कागदावर लिहितोय, जिथे तुला मध्ये बोलता येणार नाही. तुझं गणित चुकलं नव्हतं. हैदराबादला बसून तुला खंडेनवमी कशी दिसणार? ती मला दिसायला हवी होती. तेव्हा उद्या ऑफिसात जा आणि राजीनामा मागे घे. साहेब अजून तुला थांबवतोय असं तूच सांगितलं होतंस. दुकान गेल्याचं दुःख मी रडून संपवीन. पण माझ्यामुळे तुझा स्वतःवरचा विश्वास गेला तर मला कुठल्याच बाजारात तो परत मिळायचा नाही. मग फोन कर. रडायचं असेल तर आपण दोघं मिळून रडू, पण त्या फोनवर तू माझी माफी मागायची नाहीस.

तुझाच, अजूनही ताठ बसलेला,
बाबा