मधला स्पीकर

जळगाव
१२ जानेवारी २०२५

ती. रत्नाअक्का हिस,
संघपालचा सविनय जयभीम, वि. वि.

फोनवर माझं निम्मं बोलणं तुला पोचत नाही, म्हणून यापुढे पत्रच लिहीन. वरची खोली बांधून झाली. तिथे घरच्या घरी थिएटर करतोय. पडदा, प्रोजेक्टर आणि स्पीकर, सगळं दीड लाखात बसवायचं आहे. दुकानदार म्हणतो, निम्मे पैसे आवाजावर घाला, चित्र थोडं डावं असलं तर चालतं. दीपमाला म्हणते, हौसेला मोल नसतं पण खोलीला रंग तरी द्या.

खरं सांगायचं तर हे तुझ्यासाठी चाललंय. मागच्या वर्षी थिएटरात तू मध्यंतरालाच घरी चल म्हणालीस, ते माझ्या मनातून जात नाही. एक पिक्चर तुला पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवायचा, एवढं ठरवलंय. दाजींना जयभीम सांग. माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
संघपाल

धुळे
२० जानेवारी २०२५

चि. संघपाल यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. वाचायला कान लागत नाहीत हे बरं आहे. बाबा, अंथरूण पाहून पाय पसर. दीपमालाला रंग आधी देऊन टाक, नाहीतर थिएटरात तू एकटाच बसशील.

मला आवाज ऐकू येतो रे. ट्रक, ढोल, कुकरची शिट्टी, सगळं येतं. शब्द येत नाहीत. डॉक्टर म्हणाले शिरेचं दुखणं आहे, वाढतच जाणार. कानातल्या मशीनने आवाज मोठा होतो, शब्द सुटे होत नाहीत. नात शाळेतलं काही सांगत असते आणि मी हो हो करते. परवा ती म्हणाली की आजी सगळ्यालाच हो म्हणते. फार लागलं मला ते.

म्हणून सांगते, खर्च करायचाच तर ज्या स्पीकरमधून माणसं बोलतात त्याच्यावर कर. धडाडधूम मला फुकटात ऐकू येतं. तब्येतीला जप, आणि बहिणीची आठवण अशीच ठेव.

तुझी,
रत्नाअक्का

जळगाव
२४ फेब्रुवारी २०२५

ती. अभिमनदाजी यांस,
सविनय जयभीम, वि. वि.

हे पत्र मुद्दाम डेपोच्या पत्त्यावर टाकतोय. अक्काच्या हाती पडू देऊ नका. फोनवर सांगायला माझी जीभ उचलत नाही.

स्पीकर घ्यायला गेलो तेव्हा अक्काचं पत्र माझ्या खिशात होतं. दुकानदाराने अंधार केला आणि डोक्यावरून हेलिकॉप्टर फिरवलं. दाजी, छाती धडधडली माझी. धडधडीचा तो मोठा डबा घेतला, पुढचे दोन उंच घेतले, मागचे दोन घेतले. पैसे संपत आले तेव्हा मधला राहिला होता. तो सगळ्यात स्वस्तातला उचलला. बोलणं त्याच मधल्यातून येतं, हे घरी लावल्यावर कळलं. आता उघडलेला माल परत घेत नाहीत. चांगला मधला तीस हजारांचा, माझ्याजवळ तीनही उरले नाहीत. आणि घेतला तरी शीर थोडीच बरी होणार आहे?

तुमची ड्यूटी होती म्हणून काल अक्का एकटीच आली. बापलेकाचा पिक्चर लावला. मध्येच विचारलं, सगळं ऐकू येतंय ना, तर म्हणाली, बठ्ठं ऐकू येस माले. शेवटी म्हातारा खुर्चीत बसून लेकाला काहीबाही सांगत असतो, आणि सांगता सांगता त्याची मान पडते. तो मेलेला असतो. लेक पाठमोरा चहा करत त्याच्याशी बोलतच राहतो, आणि पिक्चर तिथंच संपतो.

तिथे अक्का मोठ्याने हसली.

दीपमालाने माझ्याकडे पाहिलं. मला काय करावं सुचेना, मग मीही हसलो. मग दीपमालाही हसली. तिघंही हसत बसलो, दाजी. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि अक्का मला म्हणत होती की पुरे आता, पोट दुखेल.

तिला काही सांगू नका. आम्हा दोघांवर लोभ राहू द्या.

आपला,
संघपाल

धुळे
२७ फेब्रुवारी २०२५

चि. संघपाल आणि सौ. दीपमाला यांस,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. पारोळ्यापर्यंत उभी होते, पुढे जागा मिळाली. दीपमालाने दिलेल्या कळण्याच्या भाकरी सगळ्यांना आवडल्या. तुझ्या दाजींना मात्र काय झालंय कळत नाही. कालपासून माझ्याशी फार गोड वागतात आणि माझ्याकडे बघत नाहीत.

तुला खोटं कशाला सांगू, सुरुवातीचं बोलणं मला काही लागलं नाही. तू विचारलंस तेव्हा तुझा हिरमोड नको म्हणून हो म्हटलं. पण शेवटचं बरोबर कळलं. बाप गप्पा मारता मारता खुर्चीतच झोपून जातो आणि पोरगा बिचारा त्याच्याशी बोलतोय. अगदी आमच्या घरच्यासारखं. किती वर्षांनी मी सगळ्यांच्या बरोबरीनं हसले. नेहमी सगळे हसून झाल्यावर मी हसते. या वेळी तर मी पहिली हसले, तुम्ही दोघं माझ्या मागून.

पैसे वाया गेले असं मनात आणू नकोस. नातीला सगळी गोष्ट सांगितली. म्हाताऱ्याची मान कशी पडते ते खुर्चीत बसून करून दाखवलं, तर ती लोळून हसली आणि पुन्हा कर म्हणाली. चौदा एप्रिलला जयंतीला तिला घेऊन येते. तोच पिक्चर लाव. मी तिच्या शेजारी बसून तिला समजावून सांगेन.

जीव लावून आहात तसेच राहा.

तुमची,
रत्नाअक्का