काकांची गोळी काकांनाच

उधना, सुरत
१४ जुलै २०२५

चि. हर्षदा हिस,
अ. उ. आ.

फोन केला की तू 'राउंडला आहे, नंतर बोलते' म्हणतेस आणि ते 'नंतर' काही उजाडत नाही. म्हणून तापीपलीकडच्या भाचीला पोस्टाने गाठते आहे.

तुझा नवा छंद तुझ्या आईकडून कळला. दिवसभर इस्पितळात जंतू मारायचे आणि घरी येऊन बरण्यांत पाळायचे, कमालच आहे बाई! दह्याचं विरजण घरोघरी मागत फिरतेस म्हणे. आणि जी बरणी रात्रीत फसफसून झाकण उडवते तिचं नाव तू विजया ठेवलंस, हेही कळलं. मी रागावले नाही. म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत जन्म गेला, तिथे पोरांनी मला याहून वाईट नावं ठेवली होती.

इकडे तुझ्या मुकुंदकाकांना लघवीला जळजळ आणि ताप आला होता. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी आठवड्याच्या गोळ्या दिल्या. नेमका तेव्हाच शेजारच्या भूपेंद्रचा घसा धरला आणि त्याच्या बायकोचं, योगिताचं, पोट बिघडलं. मग मी वाटणी केली. आपल्या घरात एकट्याने खायची पद्धत नाही. तिघांनाही लगेच उतार पडला! आता काकांना पुन्हा थंडी वाजते आहे. डब्यात दिवाळीतल्या थोड्या गोळ्या उरल्यात, त्या देऊ ना? उलट टपाली कळव.

तुझ्या दह्यासारखी माया घट्ट असू दे.

तुझी,
विजयामावशी


अडाजण, सुरत
२१ जुलै २०२५

ती. विजयामावशीस,
सा. न. वि. वि.

उलट टपाल कसलं, पत्र वाचून मी थेट गाडीच काढली आणि काकांना आमच्या वॉर्डात आणलं. तिथे नर्सांसमोर मी तुला बोलले आणि तू अबोला धरलास. आता मी खोलीत आले की तू भिंतीशी बोलतेस. म्हणून हे पत्र तुझ्या डब्याच्या पिशवीत घालते आहे.

काकांचा रिपोर्ट आला. ज्या गोळ्यांवर आमची भिस्त, त्यातली एकही त्यांच्या जंतूंना लागू नाही. एक इंजेक्शन उरलं होतं, ते सुरू केलंय. ते लागलं तर काका श्रावणात कानबाईच्या सणाला घरी येतील. असे रिपोर्ट मी रोज बघते, पण हा मी तीनदा वाचला. मावशी, मला भीती वाटते आहे.

सगळा दोष तुझ्या वाटणीचा नाही. साध्या सर्दीलाही या अँटिबायोटिक गोळ्या मिळतात, आम्ही डॉक्टरही सढळ हाताने लिहितो. पण तू मास्तरीण, तुला कळेल. अर्धामुर्धा मार खाल्लेलं कार्टं सुधारत नाही, निर्ढावतं, आणि वर बाकीच्या वर्गाला शिकवतं. तू दोन घरांत जंतूंची फुकट शिकवणी उघडलीस!

आठवतं, लहानपणी मी तुझ्याकडे कानबाईच्या प्रसादाचा रोट मागितला होता? मी सख्खी भाची, पाय आपटून रडले, तरी तू तुकडा दिला नाहीस. रोट भाऊबंदांबाहेर जात नाही, आणि पौर्णिमेच्या आत तो संपवायचाच, असं सांगून मला शिरा करून दिलास. मग गोळीलाच वेगळा न्याय का? ज्याची त्याला, आणि डॉक्टर सांगेल तेवढी पुरती.

काका मात्र तापातही नर्सला अहिराणीत "मी बरा शे" म्हणून सांगतात आणि माझ्या दह्याला नावं ठेवतात. तूही आता राग सोड. भिंत एमडी झालेली नाही.

लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
हर्षदा


उधना, सुरत
८ ऑगस्ट २०२५

चि. हर्षदा हिस,
अ. उ. आ.

काका ठणठणीत आहेत. काल वरणात मीठ कमी म्हणून त्यांनी ताट सरकवलं, तर मला इतका आनंद झाला की भांडायचंच राहिलं.

रोटाचे गहू घेताना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ टाकायची असते. तेव्हा हे तुझ्याच वॉर्डात होते. त्यांच्या नावाची मूठ घेताना निम्मे गहू सुपाबाहेर सांडले. मी ते एकेक करून वेचले. तुझं बोलणं तेव्हा पटलं. पण भाची एवढा डूख धरते हे ठाऊक असतं तर तुला तेव्हाच तुकडा दिला असता, कानबाईची माफी मी मागितली असती!

परवा योगिता आली. अंगात फणफणून ताप. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये खाडा चालत नाही, म्हणून काकांच्या त्या दिवाळीतल्या उरलेल्या गोळ्यांतल्या दोन मागत होती. डबा माझ्या हातातच होता. हर्षदा, माझ्या दारातून आजवर कोणी रिकाम्या हाताने गेलेलं नाही. मी नाही म्हणाले. तिचं तोंड एवढंसं झालं. भाची मोठी डॉक्टरीण झाली तशी मावशीही बदलली, असं काहीसं पुटपुटली. मला रडूच आलं. मग चपला घातल्या आणि तिला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. रांगेत ती माझ्याकडे पाठ करून बसली. रक्त तपासलं, मलेरिया निघाला. आता औषध चालू आहे, तापही उतरलाय.

मी त्या दोन गोळ्या दिल्या असत्या, तर त्या गिळून ती तशीच तापात मशीनवर जाऊन उभी राहिली असती, आणि इकडे मी पुण्य केलं म्हणून निवांत झोपले असते.

येत जा. जीव लावलास तसा लावत राहा.

तुझी,
विजयामावशी