साबुदाण्याच्या डब्यातली पाच पाकिटं

॥ श्री ॥
योकोहामा,
३ नोव्हेंबर २०२४

चि. अनुराग यास आशीर्वाद.

हे फोनवर बोलत नाही आणि मेसेजमध्येही लिहीत नाही, ते मुद्दाम. कागद फाडता येतो. वाचून झाल्यावर फाड.

तुझ्या आईचं वर्षश्राद्ध तिथीने २२ तारखेला येतं. त्यासाठी स्वयंपाकघरातलं वरचं कपाट आवरायला काढलं. साबुदाण्याच्या डब्यात, साबुदाण्याच्या खाली, जेलीच्या गोळ्यांची पाच पाकिटं आणि आईची वही सापडली. माझ्या साखरेच्या नोंदी ती ज्या वहीत करायची तीच. पाकिटांना मी हात लावलेला नाही. वही वाचली.

मागच्या पानांवर तिच्या अक्षरात तक्ता आहे. झोप, भूक, भीती, दुसरा दिवस असे रकाने. पहिल्या ओळीला डेल्टा-९, त्यापुढे 'मूळ गांजातलं, गुन्हा, आणायचं नाही'. डेल्टा-८ पुढे 'सौम्य म्हणतात, खात्री नाही'. या दोन्ही ओळी पुढे रिकाम्या आहेत. खालच्या पाच भरलेल्या आहेत, तारखांसकट. टीएचसीव्ही : झोप नाही, भूक गेली. टीएचसीपी : खूप हसू, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जड. टीएचसीएच : भीती, दाराची कडी चार वेळा तपासली. एचएचसीएच : उलटी. सीबीएन : झोप बरी, बाकी काही नाही.

गेल्या वर्षी ती मलाही दाराची कडी बघून यायला सांगायची. मला ते आजारामुळे वाटलं होतं. डॉक्टर दर भेटीत विचारायचे, याशिवाय काही घेता का. मी नाही म्हणून सही करायचो.

आईला इंटरनेटवरून काही मागवता येत नव्हतं. मला या देशातली दुकानंसुद्धा माहीत नाहीत. म्हणजे उरलास तू. तू तिला काय दिलंस आणि त्याने तिचे किती दिवस कमी झाले, एवढंच मला कळायला हवं.

तब्येत ठीक आहे. उत्तराची वाट पाहतो.

बाबा


क्योतो,
९ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. फाडलेलं नाही, पण फाडीन.

पाकिटं मीच आणली. ओसाकात एका दुकानात उघड मिळायची, काचेच्या कपाटात, किमतीच्या चिठ्ठ्या लावून. एकावर बंदी आली की दुकानदार नावातलं एखादं अक्षर बदललेला नवा प्रकार ठेवायचा आणि हा आधीच्याहून चांगला म्हणून सांगायचा. आईला झोप लागत नव्हती. ती तुमच्याकडे कुरकुर करायची नाही, माझ्याकडे करायची.

पण बाबा, दुकानदारावर माझाही विश्वास नव्हता. प्रत्येक पाकिटातली पहिली गोळी मी खाल्ली आहे. शनिवारी रात्री, इथे माझ्या खोलीत, आणि रविवारी सकाळी आईला फोनवर काय झालं ते सांगायचो. तो तक्ता माझा आहे. कडी माझ्या खोलीची. एचएचसीएचनंतर आई खूप रागावली. लहानपणी माझं दूध आधी ती मनगटावर टाकून बघायची, तसंच हे आहे असं मी तिला म्हटलं.

चार पाकिटं तिने तोंडात घातलीच नाहीत, घातक म्हणून माझ्याकडून काढून घेतली. पाचवं, सीबीएनचं, तिला मानवलं. गांजातलं टीएचसी जुनं होऊन बनतं ते, सगळ्यांत सौम्य, आणि तेव्हा त्यावर बंदीही नव्हती. वाईट रात्री अर्धी गोळी घेते आणि छान झोप लागते, असं ती सांगायची. गेल्या नोव्हेंबरमध्ये म्हणाली, संपत आलंय पण आता नवीन आणू नकोस. तिच्या आजारात माझ्या हातून एवढी एकच गोष्ट नीट झाली. तीही चुकली होती असं तुम्हाला वाटत असेल तर २२ तारखेला समोर सांगा.

डबा तसाच कचऱ्यात टाकू नका. पारदर्शक पिशवीतून सगळं दिसतं आणि तुमच्या शेजारच्या मोरी-सान ती वाचून काढतात. घरात ठेवणंही आता गुन्हा आहे.

आशीर्वाद असू द्या. या वेळी जास्तच.

अनुराग


योकोहामा,
१७ नोव्हेंबर २०२४

ती. सरोजिनीताईंना सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही म्हणून, आणि दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही म्हणूनही, लिहितो. सोबत अनुरागच्या पत्राची नक्कल आहे.

मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. हॉस्पिटलची फाइल काढून वहीतल्या तारखा ताडून पाहिल्या. सगळे शनिवार निघाले. कडीची नोंद आहे त्या दिवशी नंदिनी वॉर्डात होती. तिथे खोलीला कडी नसते. मग मला माझीच लाज वाटली. पंधरा दिवस मी मनात मुलाला काय काय म्हणून घेतलं ते तुम्हाला लिहवत नाही.

तरी सवय जाईना. हातमोजे घालून पाकिटं उघडली आणि गोळ्या मोजल्या. चारांत एकेक कमी, तो म्हणाला तसं. पाचव्यावर वीस छापलं आहे. आत एकोणीस आहेत. अर्धी एकही नाही.

ताई, तुमच्या बहिणीने त्यातलं काहीच घेतलं नाही. दुधाचा सुद्धा वास घेऊन बघणारी बाई ती. झोप लागते असं सांगितलं, म्हणजे पोरगं स्वतःवर प्रयोग करायचं थांबेल. आणि सांगायला नाव निवडलं तेही बंदी नसलेलं. ती माझ्या शेजारी डोळे मिटून पडायची. मला झोप लागल्यासारखी वाटायची. तेव्हा माझ्या मनात शंका आली नाही, नको तिथे वर्षभराने आली.

अनुरागला यातलं कळता कामा नये. तो तुम्हाला फोन करतो तेव्हा तुमच्या तोंडून निघू नये एवढीच विनंती. हे पत्र फाडून टाका.

प्रकृतीस जपा. आमच्यावर माया आहेच, ती तशीच राहो.

रविकांत


योकोहामा,
२४ नोव्हेंबर २०२४

चि. अनुराग यास अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचल्याचा मेसेज मिळाला. वडे बिघडले होते हे तू बोलला नाहीस. तीन मात्र खाल्लेस. तुझी आई असती तर दोघांचीही थट्टा झाली असती.

काल स्टेशनवर तू विचारलंस, शेवटच्या पाकिटात किती उरल्या होत्या. गाडी आली म्हणून उत्तर राहून गेलं. म्हणून लिहितो. तू गेल्यावर वड्यांचं तेल पुन्हा तापवलं, पाचही पाकिटं त्यात रिकामी केली आणि वरून तेल घट्ट करायची पूड टाकली. थिजल्यावर एक जाड वडी निघाली. ती वर्तमानपत्रात गुंडाळून उद्याच्या जळणाऱ्या कचऱ्यात जाईल. मोरी-साननी आज सकाळी वास कसला म्हणून विचारलं, तर त्यांना तळणाचं तेल म्हणून सांगितलं. चार गोळ्या उरल्या असतील, किंवा पाच. लक्ष दिलं नाही.

वहीतली मागची पानं फाडली. पुढची, माझ्या साखरेची, ठेवली आहेत.

मी तुझ्याबद्दल वाईट विचार केला. ते तोंडाने म्हणायला मला जमलं नाही, तू समोर असतानाही.

शेवटचे दोन महिने आई शांत झोपायची. मी शेजारी होतो, मला माहीत आहे.

वेळेवर जेवत जा. येत जा.

हे पत्र फाडू नकोस.

तुझे बाबा